दगड टाकण्याआधी: किनाऱ्याची धूप आणि उधाणाचं पाणी कसं हाताळावं

किनारा खचायला लागला की पहिली मागणी होते ती दगडी बंधाऱ्याची. कधीकधी तोच योग्य उपाय असतो. पण बंधारा मागची जमीन वाचवतो, समोरची पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, वाचवत नाही. वाळू का कमी झाली हे न शोधता दगड रचले, तर काही वर्षांत बंधाऱ्यासमोर वाळूच उरत नाही, पाणी खोल होतं, लाटा मोठ्या होऊन येतात आणि बंधारा पायथ्यातून बसतो. म्हणून सुरुवात वाळूच्या जमाखर्चापासून करायची.

वाळू येते कुठून, जाते कुठे

वाळू दोन दिशांनी हलते. एक, किनाऱ्याला काटकोनात: खवळलेल्या हंगामात लाटा वाळू खेचून उथळ समुद्रात तिचा दांडा बनवतात, शांत हंगामात तीच वाळू हळूहळू परत वर येते. ही धूप नव्हे, हा वार्षिक श्वास आहे. दुसरी हालचाल किनाऱ्याला समांतर. लाटा तिरक्या येतात, तिरक्या चढतात, पण सरळ उतारावरून परत जातात, आणि वाळू कणाकणाने एका बाजूला सरकत राहते. कायमचं नुकसान बहुतेक वेळा या दुसऱ्या हालचालीत कुणीतरी आडवं आल्यामुळे होतं.

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १९३३ च्या चक्रीवादळाने ओशन सिटीजवळ खाडीचं नवं मुख फोडलं. ते जहाजांसाठी उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जेट्या, म्हणजे समुद्रात घुसणारे बांध, बांधल्या. उत्तरेकडून येणारी वाळू तिथेच अडली आणि दक्षिणेचं अ‍ॅसाटीग बेट झपाट्याने मागे सरकलं. इंग्लंडमध्ये डेव्हनच्या हॉलसँड्स गावासमोर १८९७ पासून गोदीच्या बांधकामासाठी गोटे आणि वाळू उपसली. उपशाला परवानगी देणाऱ्यांना वाटलं समुद्र ती भरून देईल. पण तो साठा फार जुना होता, नवा पुरवठा नव्हताच. १९०२ मध्ये उपसा थांबवला तोवर पुळण खूप खाली गेली होती. जानेवारी १९१७ च्या वादळात गाव उद्ध्वस्त झालं. आणि कारण शेकडो किलोमीटर दूरही असू शकतं: १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं, गाळ धरणात अडला आणि नाईलच्या त्रिभुज प्रदेशाची टोकं वितळायला लागली.

तेव्हा कागद घ्या आणि आपल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांपर्यंत, म्हणजे जिथे खडकाळ भूशिर किंवा मोठ्या खाडीचं मुख येतं तिथपर्यंत नकाशा काढा. जेटी, धक्का, वाळूउपसा, नदीवरचं धरण, तोडलेली झाडी, सपाट केलेली वाळूची टेकाडं, सगळं वर्षासह नोंदवा. धूप सुरू झाल्याचं वर्ष आणि यातलं एखादं वर्ष जवळ आलं, तर पहिला संशयित सापडला.

मोजणी: दोन काठ्या आणि क्षितिज

सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. दोन सरळ काठ्या घ्या, प्रत्येकी १.५ मीटर लांब. वरच्या टोकाला शून्य धरून खाली दर सेंटिमीटरला खूण करा. तळाला चपटी फळी ठोका, नाहीतर ओल्या वाळूत काठी रुतते आणि प्रत्येक वाचनात एकदोन सेंटिमीटरची चूक साचत जाते. दोन काठ्यांमधलं अंतर कायम १.५ मीटर राहावं म्हणून न ताणली जाणारी दोरी बांधा.

सुरुवात टेकाडामागच्या पक्क्या खुणेपासून करा: काँक्रीटचा खांब, जुना पाया, खडकात ठोकलेला खिळा. एक काठी जमिनीकडे, दुसरी समुद्राकडे. मागच्या काठीजवळ उभा असलेला माणूस पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणतो आणि ती रेषा आपल्या काठीवर कुठे येते ते वाचतो. तेवढी जमीन खाली गेली. पुढची जमीन उंच असेल तर उलट: मागच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवायचं, आकडा पुढच्या काठीवर वाचायचा आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह लिहायचं. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी न्यायची आणि असंच पाण्यापर्यंत जायचं.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पूर्ण ओहोटीला मोजा; तेव्हा पुळण सर्वांत लांबवर उघडी असते. दर २०० ते ५०० मीटरला एक रेषा पुरे, पण महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर ती मोजलीच पाहिजे. दोन मोजण्यांतल्या छेदांचा (त्या रेषेवर पुळणीच्या उभ्या कापाचा) फरक ८ चौरस मीटर निघाला आणि ती रेषा २५० मीटर किनाऱ्याची प्रतिनिधी असेल, तर गेलेली वाळू २,००० घनमीटर.

तुलना नेहमी त्याच महिन्याशी. शांत हंगामातली पुळण खवळलेल्या हंगामातल्या पुळणीशी ताडून पाहिली की धूप नसताना धूप दिसते. उपग्रहचित्रांतही हीच गफलत होते, वर भरतीची वेळ माहीत नसते. १:५० उताराच्या किनाऱ्यावर पाण्याच्या पातळीत अर्ध्या मीटरचा फरक म्हणजे पाण्याची कड २५ मीटर पुढेमागे. म्हणून चित्रांवर पाण्याची कड मोजू नका, झुडपांची कड मोजा.

टेकाड उभं करणं

मागे मोकळी जागा आणि वाऱ्यावर उडणारी कोरडी वाळू असेल, तर सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ संरक्षण म्हणजे वाळूचं टेकाड. वादळात ते स्वतः झिजतं, ती वाळू पुळणीला मिळते, लाटा लवकर फुटतात, आणि वादळ सरल्यावर वारा ते पुन्हा भरतो.

वाळू अडवायला कुंपण लागतं. उंची साधारण १.२ मीटर, निम्मा भाग भरीव, निम्मा मोकळा. बांबूच्या कामट्या, लाकडी पट्ट्या, झावळ्या, काहीही चालेल, प्रमाण महत्त्वाचं. सलग पत्रा किंवा फळ्या लावल्या की वारा त्यांच्या पायथ्याशी उसळतो आणि साठवायच्या ऐवजी वाळू उकरून नेतो. फार विरळ कुंपणातून वाळू नुसती निघून जाते. खांब २ मीटर लांबीचे, ७० ते ८० सेंटिमीटर जमिनीत, एकमेकांपासून ३ मीटरवर.

जागा ठरवताना भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याची सर्वांत वरची रेघ शोधा. कुंपण तिच्याही मागे, झुडपांच्या कडेलगत, किनाऱ्याला समांतर घाला. लोकांना ते पुढे हवं असतं, कारण पुढे घातलं की जमीन मिळवल्यासारखी वाटते. पण पहिल्याच उधाणात ते कुंपण पुळणीवरचा कचरा होतं. वाळू लवकर हवी असेल तर दुसरी रांग पहिलीच्या मागे उंचीच्या चौपट, म्हणजे पावणेपाच मीटर अंतरावर. कुंपण तीनचतुर्थांश भरलं की वर नवं कुंपण चढवा. पुळणीवर वाहून आलेलं लाकूड आणि शेवाळ यंत्राने खरवडून काढू नका. प्लास्टिक हाताने वेचा, बाकीचं राहू द्या; नव्या टेकाडाची पहिली उंची त्याच्याच आडोशाला जमते.

झाडांशिवाय टेकाड टिकत नाही. उष्ण किनाऱ्यांवर मर्यादवेल उत्तम: गाठी असलेले तुकडे दोनतृतीयांश वाळूत आडवे पुरायचे, टोक वर ठेवायचं, पावसाच्या सुरुवातीला. किनारी गवतांची रोपं ४५ ते ६० सेंटिमीटरवर, २० ते २५ सेंटिमीटर खोल, म्हणजे मुळं ओल्या वाळूला टेकतील. उथळ लावलेलं रोप पहिल्या वाऱ्यात उघडं पडतं. लागवड फसण्याचं हे सर्वांत साधं कारण आहे. रांगा एकमेकींशी सांधेमोड करून ठेवा, सरळ गल्ल्या राहिल्या तर वारा त्यांतूनच घुसतो. सुरूसारख्या उंच झाडांची दाट राई पुढच्या टेकाडावर नको: खाली सावली पडते, वाळू धरणारं गवत मरतं, आणि वादळात झाडं मुळासकट उपटली की टेकाडाचे लचके तुटतात.

पायवाट हा टेकाडाचा शत्रू. शेकडो पावलांनी वेली मेल्या की तिथे खिंड पडते आणि उधाणाचं पाणी नेमकं तिथून आत येतं. ये-जा एकाच ठिकाणी आणा, वाट वाऱ्याच्या मुख्य दिशेला तिरकी ठेवा आणि टेकाडाच्या वरून, खांबांवर लाकडी पूल न्या.

बाहेरून वाळू आणून टाकणं

पुरवठा तुटला असेल तर तो हाताने चालू ठेवावा लागतो. नेदरलँड्सने १९९० ची किनारारेषा आधार मानली आणि २००१ पासून तिथे वर्षाला सुमारे १.२ कोटी घनमीटर वाळू टाकण्याचं धोरण राहिलं. २०११ मध्ये हेगजवळ २.१५ कोटी घनमीटर वाळू एकाच जागी टाकून वारा आणि प्रवाहांना ती पसरवू दिली. हेच ते प्रसिद्ध ‘सँड मोटर’. ही कामं एकदा करून सोडायची नसतात. दर काही वर्षांनी पुन्हा वाळू टाकण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात नसेल, तर योजना अर्धवट आहे.

वाळूचा कण मूळ पुळणीच्या कणाएवढा किंवा किंचित मोठा हवा. बारीक वाळू स्वस्त मिळते आणि पहिल्याच हंगामात समुद्रात पसरते. चाळणी करून दोन्हींचे नमुने ताडा, मातीचं प्रमाण बघा. आणि उपसा त्याच किनाऱ्याच्या उथळ भागातून कधीच नको. तो एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसा ठेवण्याचा प्रकार आहे. भरल्यावर पहिल्या वादळात कडा उभी तुटते, लोक घाबरतात. उतार स्वतःला बसवून घेतो तेव्हा असं होतंच. पाण्याखालचा छेद मोजल्याशिवाय वाळू गेली असं ठरवू नका.

दगडी बंधारा बांधायचाच असेल

मागे रस्ता, वस्ती, दवाखाना आहे, जागा नाही आणि वेळही नाही, तर उताराचा दगडी बंधारा बांधा. उभी भिंत लाट जशीच्या तशी परत फेकते आणि स्वतःचाच पाया उकरते. दगडांच्या फटींत लाट निम्मी दमते, म्हणून १:२ किंवा त्याहून सौम्य उतार चांगला.

दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाने वाढतं. सगळे अंदाज इथेच चुकतात. लाट दुप्पट झाली तर दगड आठपट हवा. दगडाचं वजन काढायच्या हडसन सूत्राने, १:२ उतार, घनमीटरला २,६५० किलो घनतेचा खडबडीत कोनदार दगड आणि पायथ्याशी फुटणाऱ्या लाटा धरल्या (दगडाच्या टिकावाचा गुणांक २), तर १ मीटर लाटेला सुमारे १६५ किलोचा दगड लागतो, १.५ मीटरला ५६० किलोचा, २ मीटरला १.३ टनांचा आणि ३ मीटरला साडेचार टनांचा. पायथ्याशी येणारी लाट पाण्याच्या खोलीच्या साधारण ०.७८ पट असते. पण ही खोली आजची धरू नका. उधाण, वादळाचा फुगवटा (वादळाने किनाऱ्याशी चढवलेलं पाणी) आणि पायथा उकरला गेल्यावरची खोली, तिन्ही मिळून धरा. आजच्या खोलीवर निवडलेले दगड काही वर्षांनी पुळणीवर विखुरलेले दिसतात ते याचमुळे.

रचना खालून वर अशी: उतार कापून दाबून घ्या. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), किंचित सैल, सांध्याला किमान अर्धा मीटर एकावर एक, वरचा तुकडा खालच्यावर. ताणून अंथरलेलं कापड दगड बसताना फाटतं. कापडावर लहान दगडांचा थर, वजन वरच्या दगडाच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्शाचं. त्यावर मोठे दगड दोन थरांत. ५६० किलोच्या दगडांसाठी जाडी सव्वा मीटरच्या आसपास येते. दगडाची लांबी जाडीच्या तिपटीपेक्षा जास्त नको, चपट्या शिळा लाटेत सरकतात. मोठा दगड थेट कापडावर किंवा उंचावरून सोडू नका. कापड फाटलं तर त्या भोकातून मागची माती प्रत्येक लाटेसोबत बाहेर येते. वरून बंधारा शाबूत दिसतो, आणि एक दिवस मागचा रस्ता खचतो. बंधाऱ्याच्या माथ्यामागे बशीसारखे खड्डे पडू लागले की समजा, हे सुरू झालं आहे.

पायथा हा बंधाऱ्याचा प्राण. पायथ्याशी जास्तीत जास्त उकरण साधारण लाटेच्या उंचीएवढी धरतात, म्हणून पायथा तेवढा खोल पुरा. खणणं शक्य नसेल तर पुढे जादा दगडांचा पट्टा ठेवा. तळ उकरला गेला की ते दगड खड्ड्यात बसून पायथा धरतात. माथ्यामागे झिरप्याची चर काढा, लाटेवरून उडालेल्या पाण्याला वाट हवी. दोन्ही टोकं जमिनीत आत वळवा, नाहीतर लाट टोकाला वळसा घालून मागून शिरते. टोकापुढच्या शेजाऱ्याची धूप मात्र वाढतेच. त्याला आधी सांगा आणि त्याच्या जमिनीचाही विचार आराखड्यात करा.

दगड मिळत नाहीत म्हणून तारेच्या जाळ्या भरून समुद्रात उतरवतात. खाऱ्या पाण्यात तार गंजते, हलणारी वाळू आणि गोटे प्लास्टिकचं आवरण सोलून काढतात, आणि तुटलेल्या तारा अनवाणी पायांसाठी उरतात. जाळ्या लाटेच्या नेहमीच्या पट्ट्याच्या वरच वापरा.

किनाऱ्याला काटकोनात पाण्यात घातलेले बांध, म्हणजे ग्रॉइन, वाळू निर्माण करत नाहीत, वाळू ज्या बाजूने येते तिथली अडवतात. अंतर लांबीच्या दोन ते तीनपट ठेवतात, आणि मधले कप्पे बांधतानाच बाहेरच्या वाळूने भरून द्यायचे, म्हणजे पुढे जाणारी वाळू अडत नाही. हे भरणं वगळलं तर शेजारच्या गावाची पुळण तुमच्याकडे आणली, एवढंच होतं.

चिखलाचा किनारा आणि कांदळवन

खाडीत, चिखलाच्या किनाऱ्यावर हिशेब वेगळा. कांदळवनाच्या १०० मीटर रुंदीत लाटेची उंची १३ ते ६६ टक्के कमी होते, असं निरनिराळ्या ठिकाणच्या मोजण्या सांगतात. पण वादळाचा फुगवटा एक किलोमीटर रुंद कांदळवनातही ५ ते ५० सेंटिमीटरच उतरतो. म्हणजे अरुंद पट्टा लाटा मारतो, पूर थांबवत नाही. मागे बांध लागतोच, फक्त तो कमी उंचीचा चालतो.

रोपं मरतात ती बहुधा चुकीच्या पातळीवर लावल्याने. मोकळा चिखल दिसला की तिथेच रांगेत रोपं खोचली जातात. पण कांदळ समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर, भरतीच्या वरच्या पट्ट्यात वाढतात. साधारणपणे एकूण वेळेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली राहणाऱ्या जागी ते तगत नाहीत. जवळच्या निरोगी कांदळवनाच्या कडेची पातळी मोजा आणि तीच पातळी आपल्याकडे शोधा. जमीन खाली गेली असेल तर आधी गाळ साठवा. इंडोनेशियातल्या देमाक किनाऱ्यावर खांबांच्या दोन रांगांमध्ये फांद्यांच्या मोळ्या भरून पाणी झिरपू देणारे बांध घातले: लाट मंदावते, आतला गाळ खाली बसतो, पातळी वर येते. या मोळ्या कुजतात, किडे लाकूड पोखरतात, म्हणून दरवर्षी भरणी लागते. पातळी जमली आणि बिया येण्याची वाट मोकळी असली, तर रोपं स्वतःच रुजतात. बुजलेला ओहोळ उकरून देणं हे कित्येकदा हजार रोपांपेक्षा जास्त काम करतं.

पाणी आत येऊ नये, आलेलं बाहेर जावं

बांधाची उंची ठरवताना उधाणाची सर्वांत मोठी भरती, वादळाचा फुगवटा, लाटेची चढण, मातीचं बसणं आणि पुढच्या दशकांतली समुद्राची वाढ यांची बेरीज करायची. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर चढतं. ३० ने उतरला तर ३० सेंटिमीटर. उथळ समुद्रात वाऱ्याने ढकललेलं पाणी याहून कितीतरी जास्त असतं. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी २० सेंटिमीटर वाढली, आणि २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. एक खबरदारी: भरतीच्या तक्त्याचं शून्य आणि जमीन मोजणीचं शून्य वेगळं असतं. दोन्ही एकच समजून बांधलेला बांध मीटरभर बुटका निघू शकतो.

मातीचा बांध चिकणमातीचा, १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत दाबलेला. समुद्राकडे १:३ उतार, आतल्या बाजूलाही जमेल तितका सौम्य. आतली बाजू दुर्लक्षू नका. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री नेदरलँड्सचे अनेक बांध माथ्यावरून सांडलेल्या पाण्याने आतल्या अंगाने भिजून, घसरून फुटले. तिथे १,८३६ माणसं गेली. आतल्या उतारावर दाट गवत हवं. झाडं नकोत, मुळं कुजली की पाण्याला नळी मिळते. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं दर उधाणाआधी शोधून चिकणमातीने ठासून भरा, नुसती वर माती लोटून उपयोग नाही.

पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाडीची झडप समुद्राच्या बाजूला, भरतीच्या दाबाने मिटणारी. तिच्यात अडकलेली एक काठी पुरते आत खारं पाणी यायला. बिजागर, झडपेची कड आणि समोरचा साचलेला गाळ ही तीन ठिकाणं प्रत्येक उधाणाआधी बघा. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की झडप मिटलेली असते आणि आतलं पाणी साठतं. १० हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५,००० घनमीटर पाणी: त्यासाठी अर्ध्या हेक्टरचा मीटरभर खोल तलाव रिकामा हवा, किंवा ५ तासांत ते उपसायला सेकंदाला २८० लिटरचा पंप. तलाव स्वस्त पडतो, पण उधाणाआधीच्या ओहोटीला तो रिकामा करणारा माणूस नेमलेला हवा.

ऐनवेळी वाळूच्या गोण्या लावायच्या तर निम्म्या ते दोनतृतीयांशच भरा, तोंड खाली दुमडा, विटांसारखी सांधेमोड करा आणि तळ उंचीच्या तिप्पट रुंद ठेवा. गच्च भरलेल्या गोण्यांमध्ये फटी राहतात.

मागे सरकायचं ठरलं तर

काही ठिकाणी लढण्याचा खर्च मागच्या जमिनीपेक्षा जास्त होतो. तिथे वेळेवर मागे जाणं हा शहाणपणाचा निर्णय आहे, आणि तो लोकांना आधी सांगणं हा त्यांचा हक्क. वाळूच्या किनाऱ्यावर अंतराचा हिशेब असा: वर्षाला ०.८ मीटर धूप, ५० वर्षं, म्हणजे ४० मीटर. एका मोठ्या वादळाचे १५ मीटर. समुद्र २५ सेंटिमीटर चढेल असं धरलं तर समुद्र चढला की किनारा किती मागे जातो हे सांगणाऱ्या ब्रून यांच्या ढोबळ नियमाने त्याच्या ५० ते १०० पट, म्हणजे आणखी साडेबारा ते २५ मीटर. एकूण ६७.५ ते ८० मीटरच्या आत नवं पक्कं बांधकाम नको. चालू धुपीच्या आकड्यात समुद्राची आजवरची वाढ थोडीफार आलेलीच असते, म्हणून हा हिशेब जरा सुरक्षित बाजूला झुकतो.

जुना बांध फोडून जमीन भरतीला परत देता येते. इंग्लंडमध्ये मेडमेरी इथे आत सुमारे ७ किलोमीटरचा नवा बांध घालून सप्टेंबर २०१३ मध्ये जुना किनारा फोडला. क्रम बदलू नका: आधी आतला नवा बांध, त्यावर गवत रुजू द्या. मग जुन्या ओहोळांच्या जागी मुख्य चर खणा आणि जुन्या बांधालगतचे चर बुजवा, नाहीतर पाणी त्यांतूनच धावत नव्या बांधाचा पायथा खातं. फोडण्याचं काम भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या) भरतीच्या दिवसांत, ओहोटीला, जिथे पूर्वी ओहोळ होता तिथेच. तोंड अरुंद ठेवलं तर प्रवाह वेगाने घुसून अनियंत्रित रुंदावतो, म्हणून सुरुवातीलाच पुरेसं रुंद कापा. त्याआधी दोन बांधांमधल्या विहिरी बुजवून बंद करा, शौचालयांच्या टाक्या उपसून काढा, इंधनाचे आणि कीटकनाशकांचे साठे हलवा, विजेचे खांब आणि तारांची कुंपणं उपटा. नव्या बांधामागच्या, जमिनीकडच्या विहिरींच्या पाण्याचा खारेपणा फोडण्याआधी एक वर्ष दर महिन्याला मोजून ठेवा. पुढे पाणी बिघडल्याची तक्रार आली तर त्याच नोंदीवरून ठरवता येतं.